चुकलेल्या नकाशांची भिंत

यमुना गेल्याचं मला शाळेत कळलं. नववी ‘ब’च्या वर्गावर मी गोदावरीच्या उपनद्या सांगत होते आणि शिपाईमामा मुख्याध्यापिकांच्या हातची चिठ्ठी घेऊन दारात उभे राहिले. ‘डॉ. गांगुर्डे गेल्या. दवाखान्याच्या जिन्यात. सरोज सिस्टरांचा फोन होता.’ मी चिठ्ठीची घडी घातली आणि तास पूर्ण केला. त्या उरलेल्या वीस मिनिटांत मी काय शिकवलं, हे आज मला सांगता येणार नाही... लहानपणी सांधेज्वरात तिच्या हृदयाची एक झडप खराब झाली होती. जिने चढू नका, असं तिच्याच व्यवसायातल्या तीन जणांनी तिला बजावलं होतं. ऑपरेशन थिएटर दुसऱ्या मजल्यावर होतं. ती मधल्या वळणावर थांबायची, कठड्याला हात लावून दम घ्यायची आणि कुणी पाहिलंच तर म्हणायची, “जिना थकला बिचारा. त्याला विसावा देतेय.”

घरच्यांनी बौद्ध रीतीने पुण्यानुमोदन केलं. त्यानंतरच्या रविवारी शहरातल्या डॉक्टरांनी शोकसभा ठेवली. ज्यांच्या दवाखान्यात यमुनाने पंधरा वर्षं शस्त्रक्रिया केल्या, ते मोठे डॉक्टर शेवटी बोलायला उठले. चांगलं बोलले. आवाजही भरून आला त्यांचा. म्हणाले, “पोटात किती रोग आहे आणि त्यातला किती निघेल, हे बाई आधी कागदावर लिहून ठेवायच्या. आणि मी साक्षीदार आहे, त्यांचं भाकीत कधीही चुकलं नाही.” लोकांनी माना डोलावल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. मी सभेत बोलणारी बाई नाही. वर्गाबाहेर माझा आवाज निघत नाही. पण त्या वेळी उठायला हवं होतं. उठले नाही. घरी आल्यावर तीन आठवडे ते वाक्य माझ्या डोक्यात कुसळासारखं टोचत राहिलं, म्हणून आता हे लिहायला बसले आहे. यमुनाचं भाकीत चुकलं होतं. अनेकदा चुकलं होतं. त्यातलं एक तर मी चुकवलं होतं. आणि ‘कधीही चुकलं नाही’ हे वाक्य तिच्या कानावर गेलं असतं, तर तिने ते शोकसभेतल्या शोकसभेत खोडून काढलं असतं.

आम्ही दोघी पाचवीपासून एका बाकावर. तिचे वडील रेल्वेत गँगमन, राहायला नाशिकरोडच्या वस्तीत. माझे वडील कचेरीत कारकून. तिला नकाशा काढता येत नसे. तिचा महाराष्ट्र करपलेल्या भाकरीसारखा दिसायचा. मी तिचे नकाशे काढून द्यायची, ती माझी गणितं सोडवायची. “हात तुझा, मोजणी माझी,” असा आमचा करार होता. पुढे ती डॉक्टरकी शिकायला मुंबईला गेली, मी बी.ए., बी.एड. करून इथेच भूगोलाची बाई झाले. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ती परत आली तेव्हा पहिली काही वर्षं तिच्याकडे पेशंटपेक्षा चौकशा जास्त यायच्या. नातेवाईक दाराशी उभे राहून विचारायचे, “बाई, आडनाव काय म्हणालात?” यमुना हात धूत धूत सांगायची, “गांगुर्डे. पण काळजी करू नका, कापताना आडनाव बाहेर काढून ठेवते.” काही जण परत जायचे. जे थांबायचे त्यांच्या बायका तिच्या व्हायच्या, कायमच्या.

आता त्या आजाराविषयी लिहायला हवं, कारण त्याच्याशी तिचं वैर होतं. अंडाशयाचा कॅन्सर. बाईचं पोट वाढू लागतं. घरात आधी म्हणतात गॅस आहे, मग म्हणतात वय झालं की सुटतंच. कुणी ओवा देतं, कुणी एरंडेल. पोटात पाणी साठून साडीच्या निऱ्या बसेनाशा होतात तेव्हा कुठे ती डॉक्टरांसमोर येते, आणि तोवर रोग अंडाशयात मावत नाही. मूठभर दाणे फेकावेत तसा पोटभर पसरलेला असतो. त्या काळात बहुतेक ठिकाणी रीत अशी होती, की पोट उघडायचं, पसरलेलं पाहायचं आणि तसंच शिवून टाकायचं. कागदावर तीन शब्द लिहायचे : ‘उघडून बंद केले’. नवऱ्याला व्हरांड्यात बोलावून खरं सांगायचं, आणि बाईला सांगायचं, गाठ काढली, आता आराम करा. टाके भरायचे, बाई घरी जायची, पोट पुन्हा वाढायचं, आणि मरेपर्यंत ती विचारत राहायची, गाठ काढली ना, मग हे काय वाढतंय?

त्या तीन शब्दांची यमुनाला चीड होती. “‘पसरलेला’ म्हणजे किती?” ती म्हणायची. “तालुकाभर, की जिल्हाभर? कुठल्या कोपऱ्यात? पेरल्यासारखा, की ढीग लावल्यासारखा? कुणी मोजलंय?” तिचं म्हणणं साधं होतं. पोटात किती सापडलं यापेक्षा शस्त्रक्रिया संपताना मागे किती राहिलं, यावर सगळं ठरतं. मागे राहिलेलं मुगाएवढं असेल तर मुंबईहून येणारी औषधं त्याच्याशी झुंजू शकतात. लिंबाएवढं राहिलं तर नाही. म्हणजे जिचं निघण्यासारखं आहे तिला नुसतं शिवून घरी पाठवणं हा अन्याय, आणि जिचं निघण्यासारखं नाही तिच्या उरलेल्या दिवसांतले पंधरा दिवस टाक्यांवर घालवणं हाही अन्याय. दोन्ही टाळायचे, तर सुरी लावण्याआधी सांगता आलं पाहिजे. आणि सांगायचं, तर आधी मोजलं पाहिजे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस एका रविवारी ती माझ्याकडे आली. चहा घेतला नाही, खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. “कुमे, तू मुलींना तो रिकामा नकाशा देतेस ना, नद्या भरायला? मला पोटाचा दे.” आमच्या शाळेत महाराष्ट्राच्या सीमारेषेचा रबरी शिक्का होता, वहीत तो उठवला की मुलींनी आत नद्या, डोंगर, पिकं भरायची. तिला तसाच शिक्का हवा होता, पोटाचा, दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघांनी नऊ चौकटी पाडलेला. मी तिच्या पुस्तकांवरून चित्र काढलं आणि आम्ही दोघी भद्रकालीतल्या शिक्के करणाऱ्याकडे गेलो. त्याने कागद आडवा धरला, उभा धरला, चष्मा कपाळावर चढवला. “बाई, हा कोणता तालुका?”

“तुम्ही जिथून आलात तो,” यमुना म्हणाली.

त्याला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याने आमच्याकडे पाहणंच सोडलं, पण शिक्का मात्र सुरेख करून दिला.

शिक्क्यानंतर मापाचा प्रश्न आला. आधी एक लहान छेद घेऊन यमुना आत हात घालायची, नऊही चौकटी चाचपायची आणि हाताला लागेल ते मोठ्याने सांगायची. सरोज सिस्टर कागदावर भरायच्या. हातमोजे घातलेल्या हाताला पट्टी धरता येत नाही, म्हणून तिने दाण्यांची मापं ठरवली : मूग, हरभरा, बोर, लिंबू. पहिल्याच आठवड्यात दोघींचं भांडण झालं. सरोज सिस्टर म्हणाल्या, “बोर म्हणजे कोणतं? आमच्या बांधावरचं की मेहरूणचं टपोरं? आमच्याकडचं तुमच्या हरभऱ्याएवढं असतं, बाई.” यमुना त्यावर दिवसभर हसत होती. दुसऱ्या दिवशी तिने एका पुठ्ठ्यावर खरा मूग, खरा हरभरा, खरं बोर चिकटवलं आणि लिंबाच्या जागी त्याच्या आकाराचं वर्तुळ काढलं. तो पुठ्ठा काचेत बसवून थिएटरमध्ये लावला. मग वाद संपला.

त्या पाहणीनंतर काही महिने औषधं, आणि मग मोठी शस्त्रक्रिया करायची की नाही याचा निर्णय. त्या निर्णयाच्या वेळी यमुना नकाशाच्या तळाशी निळ्या शाईने लिहायची : ‘मागे राहील’, आणि पुढे एक दाणा. शस्त्रक्रिया झाल्यावर त्याखाली लाल शाईने : ‘मागे राहिलं’, आणि पुढे खरा दाणा. निळं आणि लाल जुळलं तर कागद फायलीत. नाही जुळलं तर तिच्या तपासणीच्या खोलीत, तिच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर, खिळ्याला. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा. मोठे डॉक्टर एकदा वैतागून म्हणाले, “अहो बाई, कापडवाला फाटकं लुगडं दुकानाच्या दारात टांगतो का?” यमुना म्हणाली, “सर, जुळलेल्यातून मला काय कळणार? माझी शाळा त्या भिंतीवर आहे.”

गावाने तिला नाव ठेवलंच. ज्या शहरात पत्रिका पाहणाऱ्यांची उणीव नव्हती, तिथे ही आणखी एक. ‘पोटाची पत्रिका मांडणाऱ्या बाई’. एका गृहस्थाने तर खरंच विचारलं, आमच्या मुलीचं लग्न कधी जमेल ते सांगता का. “मुलगा घेऊन या,” यमुना म्हणाली, “उघडून बघते.” पण मनातून ती तुलना तिला लागायची. मला म्हणाली होती, “कुमे, ज्योतिषाचं चुकलं तर तो नशिबावर ढकलतो. माझं चुकलं तर माझ्यावर आलं पाहिजे. फरक एवढाच आहे, पण तो सोडला तर मी आणि तो एकच.”

शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी तिच्याकडे जायची. थिएटरमधून आलेले कच्चे नकाशे ओले, चुरगळलेले, कधी डाग पडलेले असत. मी त्यांच्या नकला करायची : नवा कागद, नवा शिक्का, काळ्या शाईत गोळे, शेजारी दाण्याचं नाव. मला ते काम आवडायचं. मनातलं खरं सांगायचं तर त्या कामाचा मला थोडा गर्वही होता.

सोनाबाई मखमलाबादकडची. घरची फुलशेती, झेंडू आणि थोडी मेथी-कोथिंबीर. वय चाळिशीचं, पोटात पाणी भरलेलं, आणि बोलणं असं की वॉर्डातल्या इतर बायका तिच्या खाटेभोवती जमायच्या. तिची पाहणी झाली त्या दिवशी थिएटरमध्ये सलाइनची बाटली कागदावर उलटली. शिक्क्याच्या रेघा विरघळल्या, शाई पसरली. सरोज सिस्टरांनी त्याच कागदाच्या कडेला पेन्सिलीने घाईघाईत शब्द लिहिले : ‘डावीकडे वर लिंबू. बाकी ठिकाणी मूग, हरभरा.’ शनिवारी मी नवा शिक्का उठवला आणि शब्दांवरून नकाशा भरला. लिंबू मी कागदाच्या डाव्या हाताला, वर काढलं.

ज्यांना लगेच कळलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. पोटाचा नकाशा म्हणजे आपल्याकडे तोंड करून उभी असलेली बाई. तिची डावी बाजू कागदावर आपल्या उजव्या हाताला येते. हे यमुनाने मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आणि मला ते पाठ होतं. पण एरवी मी चित्रावरून चित्र काढायची, डावं-उजवं मनात आणण्याची वेळच येत नसे. त्या दिवशी समोर फक्त शब्द होते, आणि माझ्या हाताने इतकी वर्षं फळ्यावर जे केलं तेच केलं. डावीकडे म्हणजे पश्चिम. रत्नागिरी डावीकडे, गडचिरोली उजवीकडे...

औषधं झाली, सोनाबाईचं पाणी उतरलं, आणि निर्णयाचा दिवस आला. योगायोगाने शनिवार होता, मी कोपऱ्यातल्या टेबलाशी होते. यमुनाने आधी माझी नक्कल समोर घेतली. बराच वेळ पाहिली, मग कागदाप्रमाणे सोनाबाईला तपासलं. कागदावर लिंबू सोनाबाईच्या उजव्या बाजूला वर होतं, म्हणजे यकृताच्या खाली, जिथे त्या काळात तिचा हात आणि हत्यार पोचण्यासारखं नव्हतं. तिने निळ्या शाईने लिहिलं : ‘मागे राहील : लिंबू. ऑपरेशन नको.’ आणि सोनाबाईचा नवरा किसन व थोरला दीर यांना आत बोलावून सांगितलं.

किसनने टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाला, “बाई, एक करा. तिला सांगू नका. खचंल ती.”

“तिला सांगणार,” यमुना म्हणाली. “पोट तिचं आहे.”

दीर मध्ये पडला. “घरातलं सगळं आम्हीच बघतो, डॉक्टरीणबाई. शेतसुद्धा तिच्या नावावर नाय.”

“म्हणून तर पोट तरी तिच्या नावावर राहू द्या,” यमुना म्हणाली आणि तिने सरोज सिस्टरांना हाक मारली.

सोनाबाई आली, स्टुलावर बसली. यमुनाने कागद तिच्यासमोर ठेवला. “हे तुमचं पोट, सोनाबाई.”

“माझं? लय चापून काढलंया,” सोनाबाई म्हणाली. “आन ह्या चौकटी? आमच्या वाफ्यावानी दिसत्यात.”

“वाफेच समजा. नऊ वाफे. बाकीच्या वाफ्यांत बारीक दाणे आहेत, त्यांचं बघता आलं असतं. पण या वरच्या वाफ्यात लिंबाएवढा गोळा आहे. तिथे माझा हात पोचत नाही. उघडलं तरी तो तसाच ठेवून शिवावं लागेल. म्हणून मी कापणार नाही. उरलेल्या दिवसांत तुम्हाला त्रास कमी होईल एवढं बघेन.”

सोनाबाई कागदाकडे पाहत राहिली. रडली नाही. मग तिने तो उचलला, उभी राहिली आणि दुकानात खणाचा तुकडा अंगाला लावून बघतात तसा पोटावर धरला, चित्र बाहेर आणि आमच्याकडे. वरून बोटांनी दाबू लागली. गोळ्याच्या जागी दाबलं, परत दाबलं.

“बाई, हितं तर काय नाय.”

“आतून आहे, सोनाबाई. बाहेरून लागणार नाही.”

“कसा नाय लागणार? लागतो की. पर हितं.” तिने हात दुसऱ्या बाजूला नेला, डाव्या फासळीखाली. “पानी उतरल्यापासनं हाताला लागतो. फुलं खुडाया वाकते तवा टोचतो. तुमचा कागद उलटा हाय.”

“गप गं,” किसन म्हणाला. “डॉक्टरीण तू का त्या?”

“डॉक्टरीण त्या हायेत. वाकते मी.”

यमुनाने तिला टेबलावर झोपवलं. डाव्या फासळीखाली बोटं ठेवून श्वास घ्यायला, सोडायला सांगितलं. असं चार-पाच वेळा. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “कुमे, मूळ कागद आण.” मी फाइल उघडून तो सलाइनने भिजून वाळलेला कागद काढला. तिच्या हातात देण्याआधीच मी कडेची पेन्सिल वाचली होती. मी पेनाला टोपण लावून ते टेबलावर ठेवलं, एवढंच मला त्या मिनिटाचं आठवतं.

यमुनाने कागद वाचला. सोनाबाईला हात देऊन उठवलं आणि तिच्या नवऱ्यासमोर, दिरासमोर, सरोज सिस्टरांसमोर म्हणाली, “तुम्ही बरोबर, सोनाबाई. गोळा डाव्या बाजूला आहे, पाणथरीपाशी. पाणथरी काढली तरी माणूस जगतं, तिच्याबरोबर गोळाही निघेल. चूक आमची. मी तुम्हाला आत्ता मरायला घरी पाठवत होते.”

 सोनाबाई म्हणाली, “मंग आता पाठवू नका.”

दुपारी मोठ्या डॉक्टरांना कळलं. ते खाली आले, दार लावून घेतलं. मी उठून जाऊ लागले तर यमुनाने हाताने बस म्हटलं. ते म्हणाले, “चूक झाली असं कशाला म्हणालात? औषधाने रोग सरकला असं सांगायचं. उद्या गावभर होईल.”

“होऊ दे, सर. रोग नाही सरकला, कागद सरकला.”

ते गेल्यावर मी म्हटलं, यमू, हे काम आता दुसऱ्या कुणाला दे. माझा आवाज कसा निघाला असेल तो असेल. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटलं आता ती समजूत घालेल. तिने समजूत घातली नाही. “एका बाईचा जीव जात होता आणि तुला रजा हवीय? मंजूर नाही. चूक तुझ्या एकटीची नाही. मी कागद पाहून पोट तपासलं; पोट पाहून कागद तपासायला हवा होता.” तिने ती नक्कल माझ्यापुढे सरकवली. “इथे खाली लिही. नक्कल : कुमुद.” मी लिहिलं. तिने त्याखाली लिहिलं : ‘न तपासता मान्य केलं : यमुना’. आणि तो कागद भिंतीवर गेला, आमच्या दोघींच्या नावांसकट. पुढची पाच वर्षं मी दर शनिवारी त्याच्यासमोर बसून नकला केल्या.

त्या दिवसापासून एक नवी रीत सुरू झाली. निळी शाई लावण्याआधी नकाशा त्या बाईच्या हातात द्यायचा, तिने तो आपल्या पोटावर धरायचा, दाबून बघायचं, आणि पटलं तर खाली सही किंवा अंगठा. कॅन्सरचं नाव बाईसमोर उच्चारू नये असं जिथे सगळे मानत होते, तिथे यमुना त्याचा नकाशाच बाईच्या हातात देत होती. नवरे चिडायचे, सासवा रडायच्या. बायका मात्र पोटावर कागद धरून गंभीरपणे दाबायच्या, आणि कुणी कुणी दुरुस्त्याही सांगायच्या.

सोनाबाईच्या शस्त्रक्रियेआधी यमुनाने लिहिलं : ‘मागे राहील : मूग.’ तेव्हा डॉ. निकम नव्यानेच तिच्या हाताखाली आले होते, ते मदतीला होते. सकाळी सुरू झालेलं काम दुपार कलल्यावर संपलं. यमुना खाली आली ती भिंतीला धरून. लाल पेन मागितलं. ‘मागे राहिलं : हरभरा, आतड्याच्या मुळाशी एक.’ आणि तोही कागद भिंतीवर. टाके काढायला आलेल्या सोनाबाईने तो पाहिला. तिला अक्षरं वाचता येत नव्हती, पण आपला नकाशा तिला ओळखता येत होता.

“लिंबाचा हरभरा केलासा ना? मंग पुन्यांदा भिंतीला का टांगलं?”

“मूग म्हटलं होतं मी.”

“एवढ्यावरनं?”

“एवढ्यावरूनच,” यमुना म्हणाली.

सोनाबाई बरी झाली, असं मी लिहिणार नाही. यमुनाने लिहू दिलं नसतं. ती चार दसरे जगली. चारही दसऱ्यांना तिने स्वतः झेंडू खुडला, आणि दिराशी भांडून एक वाफा आपल्या मनाने शेवंतीचा केला. पाचव्या वर्षी दुखणं परत आलं. तेव्हा तिने यमुनाला विचारलं, यमुनाने सांगितलं, आणि ती घरी गेली. यमुना शेवटच्या आठवड्यात दोनदा मखमलाबादला जाऊन आली. चार दसरे. ज्या कागदावर माझी सही आहे, त्याने ते तिला नाकारले होते.

म्हणून मला ते वाक्य सहन झालं नाही. चमत्कार म्हटलं की माणसाची मेहनत पुसली जाते. कधीही न चुकणारी बाई असती तर तिला भिंत लागली नसती, बायकांच्या पोटावर कागद धरायला लागला नसता, आणि सोनाबाई त्या शनिवारी गुपचूप घरी गेली असती. यमुना चुकायची, आणि चुकलेलं सगळ्यांसमोर टांगायची. ते करायला जे लागतं ते या शहरात मी दुसऱ्या कुणात पाहिलेलं नाही, आणि हे मी तिची मैत्रीण म्हणून लिहीत नाही, तिच्या भिंतीवर नाव असलेली एक बाई म्हणून लिहिते.

शोकसभेनंतर चार दिवसांनी सरोज सिस्टर माझ्या घरी आल्या. हातात कापडी पिशवी. यमुनाच्या तपासणीच्या खोलीला रंग द्यायचा ठरला होता. फायलीतले जुळलेले नकाशे तिच्या स्मरणिकेत छापणार होते. “आणि भिंतीवरचे काढून टाका, मोठे डॉक्टर म्हणाले. मी टाकले नाहीत. इथे आणले.” आम्ही दोघींनी सतरंजीवर पिशवी उलटी केली. त्यात एक कागद असा होता जो भिंतीवर कधी गेलाच नव्हता. हरसूलच्या मंजुळाबाईंचा. पाहणी झालेली, औषधं झालेली, पोटावर धरून झालेला, खाली अंगठा. निळ्या शाईत यमुनाचं अक्षर : ‘मागे राहील : बोर.’ लाल ओळ रिकामी.

“ह्या बाईचं काय झालं?” मी विचारलं.

“वॉर्डातच आहे. मोठे डॉक्टर म्हणतात मुंबईला न्या. ती म्हणते, मला मुंबई नको, माझा कागद हितं केला, हितंच कापा. निकम सर कात्रीत सापडलेत.”

मी दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर डॉ. निकमांना भेटले. काय बोलायचं ते चालत जाताना पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. मी फक्त तो कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. ते त्याच्याकडे पाहत म्हणाले, “कुमुदबाई, बाई असत्या तर गोष्ट वेगळी होती. माझ्या हाताने बोराचं लिंबू झालं तर?”

“तर लाल शाईत लिंबू लिहा,” मी म्हटलं. “जागा ठेवलेली आहे.”

त्यांनी पुढच्या शनिवारचा दिवस धरला. मी यमुनाच्या खोलीत थांबले होते. भिंत मोतिया रंगाची झाली होती, खिळ्यांची भोकं लांबी भरून बुजवली होती आणि खोलीला तेलकट वास येत होता. दुपारी डॉ. निकम खाली आले. टोपी डोक्यावर तशीच, दंडापर्यंत ओले.

“लाल पेन आहे?”

“किती?” मी विचारलं.

“मूग.”

“नीट बघितलंत?”

“सरोज सिस्टरांनी तो पुठ्ठा भिंतीवरून काढून माझ्या शेजारी धरला होता. मूग, कुमुदबाई. बोर नाही, हरभराही नाही.” ते स्टुलावर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं. “बाईंचं चुकलं.”

“चुकलं,” मी म्हटलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. माझं हसणं मध्येच कुठेतरी फाटलं, पण ते हसणंच होतं. मी लाल शाईने ओळ भरली : ‘मागे राहिलं : मूग’. खाली त्यांनी सही केली. मग मी सरोज सिस्टरांकडून हातोडी मागून घेतली. दारातून वॉर्डबॉय म्हणाला, “बाई, कालच रंग दिलाय भिंतीला!”

मी खिळा ठोकला.